‘मालक’ की ‘आश्रय’? : लिनक्सच्या गाभ्यातील एका संज्ञेची चिकित्सा

संगणकविषयक परिभाषेची मराठीत जी चर्चा होते ती बहुतेक वेळा प्रतिशब्दांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. इंग्रजी संज्ञा आपल्या जागी निर्दोष आहे असे गृहीत धरले जाते, आणि मग तिच्यासाठी संस्कृतोद्भव शब्द घ्यावा, रूढ शब्द घ्यावा, की इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहावा, एवढाच वाद उरतो. मूळ संज्ञा तरी आपल्या वस्तूशी प्रामाणिक आहे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका संज्ञेचा विचार करावयाचा आहे. ती संज्ञा म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात ठिकठिकाणी आढळणारा ‘ओनर’ हा शब्द. त्याचे सरळ मराठी भाषांतर ‘मालक’ असे होईल. आमचे म्हणणे असे की, ज्या संबंधाला हा शब्द लावला आहे तो संबंध मालकीचा नाहीच. हा केवळ शब्दच्छल नव्हे. या एका शब्दाने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची जी दिशाभूल केली आहे तिचे पुरावे मूळ लेखनातच दाखविता येतात.

विषय भाषेच्या अभ्यासकांना अपरिचित असण्याचा संभव असल्याने थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली ज्या प्रणालीचा आरंभ केला तिच्या मध्यवर्ती भागास इंग्रजीत कर्नेल म्हणतात. मराठी कानाला त्यात सैन्यातील हुद्दा ऐकू येतो, म्हणून येथे ‘गाभा’ हाच शब्द योजिला आहे. छापयंत्र, कॅमेरा, तबकडी अशा प्रत्येक उपकरणाशी बोलण्यासाठी गाभ्यास एक ड्रायव्हर लागतो. सगळे ड्रायव्हर गाभ्यात कायमचे कोंबले तर स्मृतीचा अपव्यय होतो, म्हणून बहुतेक ड्रायव्हर ‘मॉड्यूल’ या स्वरूपात वेगळे ठेवलेले असतात. चालू प्रणालीत गरज पडेल तेव्हा मॉड्यूल जोडावयाचे आणि गरज संपली की काढून टाकावयाचे, अशी ही व्यवस्था आहे.

जोडणे सोपे आहे; संकट आहे ते काढण्यात. मॉड्यूल म्हणजे सूचनांची एक रांग, आणि ती स्मृतीत कोठेतरी वसलेली असते. एखादा प्रोसेसर त्या रांगेतील सूचना पाळीत असतानाच दुसऱ्या प्रोसेसरने ती जागा मोकळी केली, तर पहिला प्रोसेसर पुढची सूचना म्हणून जे वाचील ते निरर्थक असेल. शिडीवर मनुष्य चढलेला असताना खालून शिडी काढून घ्यावी, तसाच हा प्रकार. सामान्य कार्यक्रमात अशी चूक झाली तर तो एक कार्यक्रम बंद पडतो. गाभ्यात झाली तर सारे यंत्र कोसळते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, कोसळल्यावाचून चालू राहते आणि कोणा कुटिल बुद्धीच्या माणसास त्या मोकळ्या जागेत आपल्या सूचना पेरता येतात.

यावरचा उपाय मोजणीचा आहे. एखादी वस्तू किती जणांनी धरून ठेवली आहे याचा आकडा त्या वस्तूपाशीच लिहून ठेवावयाचा. धरले की एक वाढवावयाचा, सोडले की एक कमी करावयाचा, आणि आकडा शून्य झाल्यावरच वस्तू मोडीत काढावयाची. जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली याद्यांच्या संदर्भात ही युक्ती मांडली. दोन वस्तूंनी एकमेकींस धरून ठेवले तर दोहोंचा आकडा कधीच शून्य होणार नाही, हे तिचे वैगुण्य १९६३ साली मॅकबेथ यांनी निदर्शनास आणले. मॉड्यूलाने स्वतःसच धरून ठेवले तर तेही कधी काढता येत नाही. हा त्याच वैगुण्याचा सर्वांत आखूड फेरा होय.

लिनक्सच्या २.२ या आवृत्तीपर्यंत ही मोजणी करण्याचे काम स्वतः ड्रायव्हराकडे होते. कोणी उपकरण उघडले की गाभा ड्रायव्हराचे ‘ओपन’ हे फंक्शन बोलावी, आणि त्या फंक्शनात लेखकाने ‘मॉड-इंक-यूज-काउंट’ हा मॅक्रो लिहावयाचा. उपकरण बंद होताना उलट मॅक्रो. वरवर पाहता व्यवस्था चोख दिसते; परंतु तिच्यात एक तार्किक दोष आहे, आणि तो सावधगिरीने भरून निघणारा नाही. गाभ्याने फंक्शनाचा पत्ता वाचला त्या क्षणापासून ड्रायव्हराने आकडा वाढविला त्या क्षणापर्यंत आकडा शून्यच असतो. नेमक्या त्या अवधीत मॉड्यूल काढले गेले, तर ‘मी वापरात आहे’ असे सांगावयास निघालेला ड्रायव्हर सांगण्यापूर्वीच नाहीसा होतो. शेवटाकडेही तेच: आकडा कमी केल्यानंतर फंक्शनातून परतण्याची सूचना मॉड्यूलातच असते, आणि ती पाळली जाण्यापूर्वी मॉड्यूल जाऊ शकते. त्या काळी गाभ्यातील एका मोठ्या सामाईक कुलुपामुळे हा दोष पुष्कळसा झाकलेला राहिला. अनेक प्रोसेसरांची यंत्रे सर्रास झाली आणि ते कुलूप हळूहळू मोडीत निघाले, तेव्हा तो उघडा पडला. स्वतःच्या अस्तित्वाची हमी स्वतः देता येत नाही, ही हमी बाहेरच्या कोणीतरी आधीच दिली पाहिजे, एवढा साधा नियम यातून निष्पन्न झाला. हा नियम इतका कडक आहे की, एखाद्या मॉड्यूलाने चालविलेल्या धाग्यास स्वतःच्या मॉड्यूलावरची पकड सोडून थांबावयाचे असेल, तर ‘सोड आणि थांब’ ही जोडसूचना गाभ्यातील फंक्शनाकरवीच पार पाडावी लागते. सोडल्यानंतरचे एकही पाऊल मॉड्यूलाच्या भूमीवर पडता कामा नये.

जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीत मोजणीचे काम गाभ्याकडे आले, आणि येथेच आपल्या संज्ञेचा प्रवेश होतो. ड्रायव्हर आपल्या फंक्शनांचे पत्ते ‘फाइल-ऑपरेशन्स’ नावाच्या एका कोष्टकात भरून गाभ्यास देतो: वाचावयाचे असेल तर हे फंक्शन, लिहावयाचे असेल तर ते, इत्यादी. या कोष्टकाच्या पहिल्याच रकान्यास ‘ओनर’ हे नाव मिळाले. त्यात मॉड्यूलाचा निर्देश लिहून ठेवला की गाभा कोष्टकातील कोणतेही फंक्शन बोलाविण्यापूर्वी त्या मॉड्यूलाचा आकडा स्वतः वाढवितो. पुढे २००२ साली रस्टी रसेल यांनी मॉड्यूलांची सारी यंत्रणा नव्याने रचली आणि डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तीतून ती सर्वत्र पोचली. तीत आकडा वाढविण्याच्या क्रियेस ‘ट्राय-मॉड्यूल-गेट’ असे नाव आहे. ‘ट्राय’ हे पद येथे फार महत्त्वाचे आहे. काढून टाकण्याची क्रिया सुरू झालेल्या मॉड्यूलास कोणी धरू पाहील तर नकार मिळतो, आणि तो नकार ऐकून माघार घेणे हे धरणाऱ्याचे कर्तव्य ठरते. जुन्या मॅक्रोस नकार देताच येत नसे. या नामकरणाबद्दल रसेल यांना मनःपूर्वक दाद दिली पाहिजे; गाभ्यातील फारच थोडी नावे आपला अर्थ इतक्या प्रामाणिकपणे उघड करतात.

‘ओनर’विषयी मात्र असे म्हणता येत नाही. कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोआ-हार्टमन यांचे लिनक्सच्या ड्रायव्हरांवरील पुस्तक, विशेषतः त्याची २००५ सालची तिसरी आवृत्ती, या विषयातील पाठ्यग्रंथ म्हणून मान्यता पावली आहे. त्यात या रकान्याचा परिचय करून देताना लेखकत्रयीने कोष्टकाची ‘मालकी असलेले’ मॉड्यूल असा उल्लेख केला आहे, आणि त्यातील मालकीवाचक क्रियापद अवतरणचिन्हांत घातले आहे. ही चिन्हे बोलकी आहेत. शब्द वापरावा तर लागतो, पण त्याची जबाबदारी घेववत नाही, अशा वेळी लेखक अवतरणचिन्हांचा आश्रय घेतो. पुढल्याच वाक्यात ते रकान्याचे खरे कार्य सांगतात: कोष्टकातील क्रिया वापरात असताना मॉड्यूल निघून जाऊ नये. म्हणजे व्याख्या बरोबर, आणि नाव संशयास्पद. विद्यार्थी मात्र व्याख्या विसरतो व नाव लक्षात ठेवतो.

मालकी म्हणजे काय? व्यवहारात मालक तो, ज्याला वस्तू विकता येते, टाकता येते, मोडता येते. वस्तूचे भवितव्य मालकाच्या हाती असते. प्रस्तुत रकान्यात जो संबंध नोंदविलेला आहे तो याच्या जवळजवळ उलट आहे. येथे मॉड्यूल कोष्टकाचे भवितव्य ठरवीत नाही. कोष्टक वापरात आहे म्हणून मॉड्यूलावरच बंधन येते. घरात भाडेकरू असेतोवर इमारत पाडता येत नाही, तसे. रकाना ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर देत नसून ‘हे कोठे वसले आहे?’ या प्रश्नाचे उत्तर देतो. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे षष्ठी नव्हे, सप्तमी आहे. फंक्शन मॉड्यूला*चे* असण्याशी गाभ्यास कर्तव्य नाही. ते मॉड्यूला*त* आहे, आणि आधार गेला तर आधेयही जाईल, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे. पाणिनीय परंपरेत अधिकरण म्हणजे आधार, आणि षष्ठी ही कारकेतर अशा अनेकविध संबंधांची विभक्ती. इंग्रजी संज्ञाकाराने नेमका सप्तमीचा संबंध षष्ठीच्या खात्यावर लिहिला आहे.

मराठी बोलणाऱ्यास हा भेद सहज ध्यानात यावयास हवा, कारण आपल्या भाषेत तो पावलोपावली करावा लागतो. ‘पुस्तक माझे आहे’, ‘पुस्तक माझ्याकडे आहे’ आणि ‘मला दोन भाऊ आहेत’ या तीन वाक्यांत इंग्रजी एकाच क्रियापदावर काम भागवू शकते. मराठीस तसे करून चालत नाही. विभागाच्या ग्रंथालयातील पुस्तक विद्यार्थ्या*कडे* असते, विद्यार्थ्या*चे* नसते, आणि ते कपाटा*त* नसते म्हणून ग्रंथालयाचे नाहीसे होत नाही. हे तीन संबंध गाभ्यातही तीनच आहेत: वस्तू कोणी निर्माण केली, ती सध्या कोणी धरली आहे, आणि तिचा पाया कोठे आहे. पहिल्या व तिसऱ्या संबंधास एकच नाव दिल्यामुळे काय होते ते आता पाहू.

पहिला परिणाम असा की, सूचनांचे आयुष्य आणि सामग्रीचे आयुष्य यांची गल्लत होते. यूएसबीने जोडलेला एखादा कॅमेरा घ्या. कोणी कार्यक्रमाने तो उघडला. गाभ्याने ‘ओनर’ रकाना पाहून मॉड्यूलाचा आकडा वाढविला. आता मॉड्यूल काढता येणार नाही. नवख्या लेखकास वाटते, मालक सुरक्षित म्हणजे मालकाची सर्व मालमत्ता सुरक्षित. परंतु वापरणाऱ्याने मॉड्यूल न काढता कॅमेऱ्याची तारच ओढून काढली, तर? गाभा ड्रायव्हराच्या ‘डिस्कनेक्ट’ या फंक्शनास बोलावितो, आणि त्या कॅमेऱ्याविषयीची सामग्री लेखक तेथेच मोडीत काढतो. फाइल अद्याप उघडी आहे. कार्यक्रम पुन्हा वाचावयास येतो. फंक्शन जागेवर आहे, कारण मॉड्यूल जागेवर आहे. पण ते फंक्शन ज्या सामग्रीकडे पाहते ती गेलेली आहे. शिडी शाबूत, भिंत नाही. याचसाठी सामग्रीची स्वतंत्र मोजणी ठेवावी लागते. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००४ साली ‘केरेफ’ नावाची छोटी मोजणी गाभ्यात आणली ती या स्वतंत्र हिशेबासाठीच, आणि यूएसबी ड्रायव्हरांचा जो नमुना गाभ्याच्या मूळ लेखनाबरोबर दिलेला असतो त्यात तिचाच अवलंब केला आहे: उघडताना एक पकड, बंद करताना ती सोडावयाची; तार निघाल्यावर ड्रायव्हराची स्वतःची पकड सुटते; शेवटची पकड ज्या क्षणी सुटेल त्या क्षणी, मग ती कोणाचीही असो, सामग्रीचे विसर्जन.

दोन्ही मोजण्या ठेवल्या म्हणजे निभावले असेही नाही, कारण त्या परस्परांत गुंतलेल्या आहेत. सामग्रीचे विसर्जन करणारे फंक्शन मॉड्यूलातच असते. सामग्रीवरची शेवटची पकड मॉड्यूल गेल्यानंतर सुटली, तर विसर्जनासाठी ज्याला बोलवावयाचे तोच हजर नाही. या कटकटीतून सुटण्यासाठी काही लेखक विसर्जनाचे फंक्शन रिकामेच लिहीत. गाभ्याच्या दस्तऐवजात एके काळी अशांची निर्दयपणे टर उडविली जाईल असा इशाराच होता. तांत्रिक गद्यात इतका मानवी स्वर क्वचित भेटतो. वर्ण-उपकरणाची, म्हणजे अक्षरशः एकेक बाइट वाहणाऱ्या उपकरणाची, नोंद सोडणारे ‘सीडेव्ह-पुट’ हे तीन ओळींचे फंक्शन या गुंत्याचा उत्तम नमुना आहे. ते प्रथम ‘ओनर’ रकान्यातील निर्देश बाजूला लिहून घेते, मग नोंद सोडते, आणि अखेरीस बाजूला लिहून घेतलेल्या मॉड्यूलास सोडते. क्रम बदलून चालत नाही. नोंद सोडली की ती नाहीशी झालेली असू शकते, मग तिच्या रकान्यात पाहावयाचे कसे? आणि मॉड्यूल आधी सोडले तर नोंद ज्यात वसली आहे तेच जाईल. आधेय आधी, आधार नंतर. या तीन ओळी लिहिणाऱ्याच्या मनात संबंध सप्तमीचाच होता याविषयी आम्हांस शंका नाही. रकान्याचे नाव मात्र त्यास वारशाने मिळालेले होते.

आता त्या रकान्यात काय लिहिले जाते ते पाहावे. ड्रायव्हराचा लेखक तेथे ‘धिस-मॉड्यूल’, म्हणजे ‘हे मॉड्यूल’, असे लिहितो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे एकदम ओळखीचा चेहरा दिसेल. हा दर्शक शब्द आहे. ‘मी’, ‘हा’, ‘येथे’, ‘आज’ या शब्दांचा निर्देश उच्चार कोण करतो व कोठे करतो यावर ठरतो. येस्पर्सन यांनी १९२२ साली आणि रोमान याकबसन यांनी १९५७ साली अशा शब्दांचे जे वैशिष्ट्य सांगितले ते यासही तंतोतंत लागू पडते. ज्या मॉड्यूलाच्या लेखनात ‘धिस-मॉड्यूल’ उच्चारले जाईल त्याच मॉड्यूलाचा त्यातून निर्देश होतो. तेव्हा तो शब्द योग्य तोंडी पडला पाहिजे, हे ओघानेच आले.

येथे एक सुंदर अडचण उद्भवते. प्लॅटफॉर्म, पीसीआय, यूएसबी इत्यादी गटांतील ड्रायव्हरांची नोंदणी गाभ्यातील सामाईक फंक्शनांकडून होते. ड्रायव्हराच्या लेखकास विसर पडू नये म्हणून रकाना आपणच भरावा असे गाभ्याच्या रचनाकारांनी ठरविले. परंतु सामाईक फंक्शनाच्या आत ‘हे मॉड्यूल’ असे म्हटले, तर ‘हे’ म्हणजे ते सामाईक फंक्शन ज्यात आहे ते, ड्रायव्हर नव्हे! म्हणून नोंदणीचे नाव फंक्शनाचे न ठेवता मॅक्रोचे ठेवले गेले. मॅक्रो म्हणजे मजकुराची अदलाबदल: भाषांतराआधीच तो मजकूर बोलावणाऱ्याच्या पानावर जसाच्या तसा उतरतो, आणि ‘हे’ हा शब्द बोलावणाऱ्याच्याच तोंडी पडतो. मराठीतील ‘रामाने सांगितले की मी उद्या येईन’ या वाक्यात ‘मी’ म्हणजे राम असे आपण सहज समजतो. मूळ वक्त्याचा उच्चार शाबूत राहतो. इंग्रजीचे अप्रत्यक्ष कथन असे करू देत नाही, तेथे सर्वनाम बदलावे लागते. मॅक्रो हे गाभ्याचे मराठी कथन, आणि फंक्शन हे इंग्रजी कथन, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही. या योजनेनंतर लेखकांनी हाताने लिहिलेले ‘ओनर’ रकाने निरुपयोगी ठरले, आणि प्लॅटफॉर्म गटातील असे रकाने २०१४ साली मोठ्या प्रमाणावर खोडण्यात आले. फाइल-ऑपरेशन्सच्या कोष्टकात मात्र तो शब्द अद्यापि लेखकास स्वतःच लिहावा लागतो.

आणि लिहिला नाही तर? तर काहीच होत नाही, आणि हेच भयंकर आहे. सी भाषेत न भरलेला रकाना शून्य असतो. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून न ठेवता गाभ्यातच कायमचा बांधून टाकला असेल तर ‘धिस-मॉड्यूल’ याचाही अर्थ शून्यच होतो, आणि ‘ट्राय-मॉड्यूल-गेट’ला शून्य दिले तर ते निमूटपणे होकार देते, कारण जे कधी जाणारच नाही ते धरून ठेवण्याची गरज नाही. म्हणजे शून्य हे चिन्ह दोन अर्थांचे वाहक झाले आहे: ‘याचा आधार शाश्वत आहे’ हा एक, आणि ‘लेखक आधार सांगावयास विसरला’ हा दुसरा. ‘दगड’ या शब्दास एकवचनातही शून्य प्रत्यय आणि अनेकवचनातही शून्यच, पण ‘पडला’ किंवा ‘पडले’ असे क्रियापद लागलीच निवाडा करते. गाभ्यात निवाडा करणारे क्रियापद नाही. विसरलेला लेखक आणि शाश्वत ड्रायव्हर यांना गाभा सारखाच होकार देतो, आणि चूक उघडकीस येते ती महिन्यांनी, कोणीतरी नेमक्या क्षणी मॉड्यूल काढल्यावर.

याच्या नेमके उलट उदाहरण आमच्या मुद्द्यास अधिक बळकटी देणारे आहे. उपकरणांचे वर्ग निर्माण करणारे ‘क्लास-क्रिएट’ हे फंक्शन वर्षानुवर्षे दोन गोष्टी मागत असे: मॉड्यूल आणि वर्गाचे नाव. असंख्य ड्रायव्हरांत ‘धिस-मॉड्यूल’ हा शब्द तेथे भक्तिभावाने लिहिलेला होता. २०२३ साली, ६.४ या आवृत्तीच्या तयारीत, मॉड्यूलाची मागणी काढून टाकण्यात आली, आणि बदल करणाऱ्याने दिलेले कारण असे होते की त्या निर्देशाचा प्रत्यक्षात कधी काही उपयोगच केला जात नव्हता. इतकी वर्षे ‘हे माझे’ असे सांगितले जात होते आणि ऐकणारे कोणी नव्हते! हे इतका काळ कोणास खटकले नाही याचे कारण ‘मालक’ या शब्दातच आहे असे आम्हांस वाटते. मालकाचे नाव लिहून ठेवणे हे कधीच चुकीचे वाटत नाही. दस्तावर नाव असलेले बरे, इतकेच मनात येते. तेथे ‘हे फंक्शन कोठे वसले आहे?’ असा रकाना असता, तर पहिल्याच वाचकाने विचारले असते की वर्गात फंक्शन कोणते, आणि ते बोलावण्यापूर्वी कोण कोणास धरतो? प्रश्नाचे उत्तर न मिळाल्याने रकानाही टिकला नसता.

‘गेट’ व ‘पुट’ या जोडीविषयी थोडेच बोलतो. ‘गेट’ म्हणजे धरणे व ‘पुट’ म्हणजे खाली ठेवणे, हा संकेत एकदा कळला की त्रास देत नाही. त्रास होतो तो ‘फाइंड’ने. उपकरणांच्या वृक्षात नावाने शाखा शोधणारे ‘ओएफ-फाइंड-नोड-बाय-नेम’ हे फंक्शन शोधलेली शाखा धरून हाती देते. ती सोडण्याचे ऋण शोधणाऱ्यावर येते, पण ‘फाइंड’ या शब्दात त्या ऋणाची चाहूलही नाही. शिवाय जेथून शोध सुरू करावा म्हणून जी शाखा दिली तिच्यावरची पकड ते फंक्शन न विचारता सोडून देते. शोधावयास पाठविलेल्या माणसाने हातातली पिशवी परस्पर ठेवून यावे, असा हा व्यवहार. यातून एक तर पकडी शिल्लक राहतात किंवा दोनदा सुटतात. पहिली चूक निरुपद्रवी वाटते, पण तशी नाही: जानेवारी २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या किल्ल्यांच्या साठ्यासंबंधीच्या दोषात, चुकीच्या वाटेने गेलेली पकड सोडावयाची राहून जात असे, आणि तीच कृती सुमारे चार अब्ज वेळा करून बत्तीस बिटांचा आकडा पुरता फिरवून पुन्हा शून्यावर आणता येई. धरलेली वस्तू मग न धरलेली ठरे. २०१७ साली ४.११ या आवृत्तीत ‘रेफकाउंट’ हा स्वतंत्र प्रकार आला. त्याचा आकडा टोकास पोचला की फिरत नाही, तेथेच चिकटून बसतो. स्मृती वाया जाईल, पण यंत्र परक्याच्या हाती जाणार नाही, असा हा सौदा आहे व तो योग्यच आहे.

आमच्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पारिभाषिक शब्द हा संकेत असतो. व्युत्पत्तीने त्याचा अर्थ ठरत नाही, आणि जाणत्यास ‘ओनर’ म्हणजे काय ते ठाऊक असते. हे खरे आहे, पण जाणत्यांपुरतेच. क्लास-क्रिएटचे उदाहरण जाणत्यांच्या घरचेच आहे हेही विसरू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नाव बदलून भागणार नाही, व्यवस्थाच बदलावयास हवी, असे काही अभियंते म्हणतील. ‘प्रोक्’ या फाइलव्यवस्थेत तसे झालेही आहे. तिच्यासाठी २०२० साली, ५.६ या आवृत्तीत, जे नवे कोष्टक आले त्यात मालकाचा रकानाच नाही. तेथे मॉड्यूलास धरून ठेवीत नाहीत. मॉड्यूल जाताना आपली नोंद काढून घेते, आणि नोंद काढण्याची क्रिया चालू असलेली सर्व आवाहने संपेपर्यंत थांबून राहते. राहण्याची हमी देण्याऐवजी जाण्याची रीत घालून दिली. ही रीत आम्हांस अधिक सुबक वाटते. परंतु ती सर्वत्र लागू करावयाची तर उघड्या फाइलींचे काय करावे, याचा प्रत्येक ड्रायव्हरास वेगळा विचार करावा लागेल. ‘ओनर’ रकाना लवकर जाणार नाही.

किंबहुना शब्दाचा गोंधळ वाढण्याचीच चिन्हे आहेत. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून गाभ्यात रस्ट या भाषेस प्रवेश मिळाला. रस्टमध्ये ‘ओनरशिप’ ही मूलभूत संज्ञा आहे, आणि तिचा अर्थ खराखुरा मालकीचा आहे: वस्तूचा मालक एका वेळी एकच, त्याची कक्षा संपली की वस्तूचे विसर्जन, आणि हा नियम पाळला जातो की नाही हे भाषांतरकार स्वतः तपासतो. त्याच घरात आता जुना ‘ओनर’ही नांदतो, ज्यास विसर्जनाशी काही कर्तव्य नाही. दोन्ही शब्द एकाच पानावर वाचणाऱ्या विद्यार्थ्याची कल्पना करावी.

मराठीत हा विषय शिकविण्याची वेळ येईल तेव्हा आपण इंग्रजीचा दोष अंगीकारण्याचे कारण नाही. ‘मालक’ हा शब्द रस्टच्या अर्थासाठी राखून ठेवावा. जुन्या रकान्यासाठी ‘आधार’ हा शब्द अर्थाने सर्वांत जवळचा. परंतु आजच्या विद्यार्थ्यास ‘आधार’ म्हटले की बारा अंकी क्रमांक आठवतो, आणि ‘मॉड्यूलाचा आधार’ ऐकून वर्गात हशा पिकेल. न्यायशास्त्रात द्रव्य हे गुणांचे ‘आश्रय’ असते. तो शब्द घ्यावा, व रकान्यास ‘आश्रय-मॉड्यूल’ म्हणावे, असे आम्ही सुचवितो. ‘रेफरन्स काउंटिंग’ला ‘संदर्भ-गणना’ असा प्रतिशब्द काही ठिकाणी दिसतो. तोही तपासून पाहावा लागेल. एखाद्या वस्तूचा पत्ता जवळ बाळगणे म्हणजे तिचा संदर्भ देणे. पण असे न मोजलेले संदर्भ गाभ्यात पुष्कळ असतात आणि ते मोजणीत धरीतच नाहीत. मोजली जाते ती पकड. म्हणून ‘धारणसंख्या’ असा शब्द आम्हांस योग्य वाटतो. ‘धारकसंख्या’ म्हणता येणार नाही, कारण एकच धारक दोनदा धारण करू शकतो, आणि शिवाय आकड्यास धारकांची नावे ठाऊक नसतात. ‘एलएसमॉड’ ही आज्ञा दिली असता प्रत्येक मॉड्यूलापुढे तो आकडा आणि त्याच्यावर विसंबून असलेल्या इतर मॉड्यूलांची नावे छापली जातात. पण उघड्या फाइलींनी घेतलेल्या पकडी आकड्यात येतात, नावांत येत नाहीत. म्हणून आकडा तीन, आणि नावांच्या जागी काहीच नाही, असे दृश्य नेहमी दिसते. ते तिघे कोण, हे मॉड्यूल काढू पाहणाऱ्यास इतर साधनांनी शोधून काढावे लागते.